बारा चिठ्ठ्या आणि एक कुंपण

“माणसांना तोंडानं ठरवायला लावलंस ना आर्डिथ, तर आकडा जन्मात ठरायचा नाही. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी दे, मधे वाडगा ठेव, सगळ्यांची बेरीज कर आणि माणसं असतील तितक्यांनी भाग. भांडण नाही, तंटा नाही.”

सासूबाईंचं हे सांगणं आर्डिथ मॅकस्वेननं तीस वर्षं पाळलं होतं. सासूबाई, म्हणजे सगळ्या गावाच्या मिस वीडा, प्लेझंट हिल मेथडिस्ट चर्चचं स्वयंपाकघर सांभाळत. त्या गेल्या तेव्हा स्वयंपाकघराची किल्ली सुनेकडे आली आणि किल्लीमागून तो निळ्या काठाचा वाडगाही. वर्षाच्या जेवणावळीचं ताट कितीला लावायचं, ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना नाताळात काय द्यायचं, गळक्या छपरासाठी घरटी किती वर्गणी काढायची, सगळं त्या वाडग्यातून निघे. निघालेला आकडा कुणालाच पुरता पटलेला नसे, आणि म्हणूनच कुणी तक्रार करत नसे.

त्यामुळे अलाबामातल्या लोवेट काउंटीच्या कोर्टात, ज्यूरीच्या खोलीत, शुक्रवारी सकाळी साडेअकराला बारा माणसं एकमेकांकडे पाठ करून बसली, तेव्हा आर्डिथला दुसरं काही सुचलंच नाही. ज्यूरीची प्रमुख तीच होती. बाकीच्या अकरा जणांनी नको म्हटलं आणि तिला नको म्हणता आलं नाही, एवढीच तिची पात्रता. वाडगा घरी राहिला होता. तिनं दाराबाहेर बसलेल्या बेलिफ मर्लकडून त्याची टोपी मागून घेतली.

खटला तसा सरळ होता. मिस कॉरीन यारबरो ही पियानो शिकवणारी बाई. चार वर्षांपूर्वी एका दुपारी तिनं दारातल्या पत्रपेटीपाशी गाडी थांबवली, गिअरचा दांडा ‘पार्क’वर टाकला आणि टपाल घ्यायला उतरली. दांडा पार्कवर दिसत होता, पण आतली खुंटी बसलीच नव्हती. गाडी आपल्या मनानं मागे आली आणि मिस कॉरीनचा उजवा पाय पत्रपेटीच्या खांबावर चिरडला गेला. तेव्हापासून ती दोन काठ्यांवर चाले. खटल्याचे आठही दिवस ती रोज सकाळी नऊला पहिल्या बाकावर येऊन बसे, आणि वकील बोलत असले की तिची बोटं मांडीवरच्या झग्यावर कसलंतरी गाणं वाजवत असत.

गाडी स्टॅनविक मोटर्सची, नाव वॉर्बलर. खटल्यात एक कागद निघाला. त्या खुंटीची खोड कंपनीला आधीच ठाऊक होती. एका गाडीच्या दुरुस्तीला एकवीस डॉलर, गाड्या चार लाख, म्हणजे चौऱ्याऐंशी लाख डॉलर. त्याखाली कुणीतरी सुबक अक्षरात लिहिलं होतं, की जायबंदी होणाऱ्यांना भरपाई दिली तर अंदाजे एकतीस लाख लागतील. सबब दुरुस्तीपेक्षा भरपाई स्वस्त. हा कागद मोठा करून, फळ्यावर लावून दोन दिवस कोर्टात उभा ठेवला होता. ज्यूरीतला जो गृहस्थ रोज जेवणानंतर पेंगत असे, त्यालाही तो पाठ झाला होता.

मिस कॉरीनचा दवाखाना, बुडालेल्या शिकवण्या, सोसलेलं दुखणं, याचा आकडा पाव तासात ठरला. त्याला कुणाची ना नव्हती. घोडं अडलं ते कंपनीला करायच्या दंडावर.

दंडाचं नावच काढायला नको, असं म्हणणारा माणूस एकच होता, पण अलाबामात निकालाला बाराच्या बारा जण लागतात. हॉइट बॅनिस्टर हा एकाहत्तर वर्षांचा, शिकारी कुत्र्यांची पैदास करणारा, एकतीस वर्षं स्टॅनविकचाच ट्रक हाकणारा. त्याचं म्हणणं असं, की बाईच्या पायाचे पैसे द्या, बरोबर आहे. पण हातब्रेक न ओढता तो स्वतः लहानपणी गाडीतून उतरला असता तर बापानं कानाखाली काढली असती. शिवाय दंड कंपनी थोडीच भरते, ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या गाडीवर चढवते. आणि उद्या उत्तरेकडचे पेपरवाले छापतील, की लोवेट काउंटीची माणसं झाडाखाली बसून कंपन्या लुटतात. हे शेवटचं मात्र सगळ्यांनाच लागलं.

दुसऱ्या टोकाला होती ट्वायला क्रेन्शॉ. तिचं केस कापायचं दुकान होतं आणि तिला दोन कोटी डॉलरच्या खाली काही दिसत नव्हतं. तिच्या दुकानात औषधानं एका बाईचे केस जळले असते, तर तिनं ती बाटली फेकली असती की पुढच्या बाईच्या डोक्यावर ओतली असती, असा तिचा सवाल होता.

“मिस्टर हॉइट,” ती म्हणाली, “तुमच्या कुत्र्यांना ज्यूरीत बसवलं असतं ना, तर त्यांनीसुद्धा दंड केला असता.”

“माझे कुत्रे,” हॉइट म्हणाला, “ब्रेक लावल्याशिवाय गाडीतून उतरत नाहीत.”

असं दोन तास चाललं होतं. म्हणून टोपी.

आर्डिथनं चिठ्ठ्या वाटल्या आणि चर्चमध्ये सांगे तसंच हळू आवाजात सांगितलं, की जो आकडा निघेल तो सगळ्यांना मान्य, असं आधीच कबूल करा म्हणजे मागाहून कटकट नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वांत आधी हॉइटनं डोलावली, कारण आपलं शून्य बारा जणांत किती वजनदार ठरणार हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा एकीवर दोन कोटी होते, एकीवर शून्य, आणि एकीवर आकडाच नव्हता. नुसतं “मिस आर्डिथ म्हणतील ते” असं लिहिलं होतं. आर्डिथनं स्वतः पाच लाख लिहिले होते, म्हणून त्या चिठ्ठीचेही पाच लाख धरले. भागाकार निघाला तेवीस लाख अठरा हजार चारशे सोळा डॉलर आणि सहासष्ट सेंट. ट्वायलानं नाक मुरडलं, हॉइटनंही मुरडलं, म्हणजे आकडा योग्य निघाला. आर्डिथनं तो छापील कागदावर सेंटांसकट लिहिला आणि निकाल तयार असल्याची घंटा वाजवली.

पण न्यायाधीश फेल्टन शुक्रवारी नदीकाठच्या हॉटेलात तळलेला मासा खायला जात आणि घंटेसाठी अर्धवट जेवणावरून उठत नसत. तेव्हा थांबणं आलं. खोलीतली हवा एकदम सैल झाली. ट्वायलानं पिमेंटो चीजच्या सँडविचचा डबा उघडला, कुणी लोण्याचा केक काढला, हॉइटनं उकडलेल्या शेंगांची कागदी पिशवी टेबलावर ठेवली, आणि सकाळपासून एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एकमेकांना आग्रह करू लागली.

आर्डिथ शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत पाण्याखेरीज काही घेत नसे. नवऱ्याला पहिला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा तिनं हे व्रत धरलं होतं. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, व्रत राहिलं. एरवी त्याचं काही वाटत नसे, पण तो केक ताजा होता आणि तिच्यापासून हातभर अंतरावर होता. मन कशाततरी गुंतवावं म्हणून तिनं न्यायाधीशांच्या सूचनांची चोपडी ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. या सूचना न्यायाधीशांनी आदल्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवल्या होत्या, पण त्या वेळी खिडकीतलं गार हवेचं यंत्र असं घरघरत होतं की निम्मंअधिक त्यातच गेलं. आर्डिथ कुठलंही पुस्तक मधलं गाळून वाचत नसे. बायबलात कोणाला कोण झाला याच्या ज्या लांबलचक याद्या आहेत, त्याही ती दरवर्षी नावागणिक वाचायची.

नवव्या पानावर ती थांबली. ते वाक्य तिनं तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून. ज्यूरीनं आकडा ठरवताना आपापले आकडे लिहून, त्यांची बेरीज करून, ज्यूरीच्या संख्येनं भागून येईल तो आकडा बंधनकारक मानण्याचं आधी ठरवू नये. तसं केल्यास निकाल रद्द ठरेल.

तिनं चोपडी खाली ठेवली, पाण्याचा घोट घेतला आणि सगळ्यांना सांगितलं. खोलीतलं चावणं थांबलं.

“पान नऊ कोण वाचतं, मिस आर्डिथ?” ट्वायला म्हणाली.

“मी वाचलं ना आता.”

सकाळपासून हॉइट पहिल्यांदाच गोड बोलायला लागला. आकडा वाईट नाही, म्हणाला. सगळ्यांचं थोडं थोडं त्यात आहे, त्याचं शून्यसुद्धा आहे. टोपी मर्लला परत करावी, चिठ्ठ्या हॉइटच्या खिशात द्याव्यात, घरी शेकोटीत जातील. “खोलीत आपण बारा जण,” तो म्हणाला. “तेरावं कुणी नाही.”

“आहे की,” आर्डिथ हळूच म्हणाली.

बाकी अकराही जणांनी वर पाहिलं. पेंगणाऱ्या गृहस्थानं तर पंख्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

मग मात्र बोलणं खरं सुरू झालं. सांगितलं तर कंपनीचा वकील संधी साधणार, खटला मोडणार, मिस कॉरीनला पुन्हा पहिल्यापासून चार वर्षं. न सांगितलं तर कुणाला कळणारही नाही. ट्वायलानं हे सगळं नीट मांडलं. आर्डिथच्या डोळ्यांपुढून ती झग्यावर वाजणारी बोटं हलेनात. चूक या बाईनं केलेली नाही, ती माझी, आणि फेडायची मात्र हिनं, हे तिला फार जड गेलं. पण शपथ घेताना बायबलावर हात तिचा होता आणि टोपीही तिनंच मागितली होती. तिनं चार ओळींची चिठ्ठी लिहिली, खाली पूर्ण नाव घातलं आणि मर्लकडे दिली. चिठ्ठ्यांनी केलेलं चिठ्ठीनंच निस्तरायची वेळ आली, असं तिच्या मनात आलं आणि तशातही तिला थोडं हसू फुटलं.

न्यायाधीश फेल्टन जेवून आले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. कंपनीचे वकील मिस्टर डेस थ्री-पीस सुटात ताडकन उठले आणि खटला इथंच रद्द करावा म्हणाले. मिस कॉरीनच्या वकिलानं नुसतं कपाळ टेबलावर टेकलं. फेल्टन म्हणाले, की बावीस वर्षांत त्यांच्या ज्यूरीतली माणसं झोपली आहेत, भांडली आहेत, एकानं तर साक्षीदार बाईला मागणी घातली आहे. पण कुणी न विचारता गुन्हा कबूल करायला आलं, असं आजवर झालं नव्हतं. निकाल अजून कोर्टानं स्वीकारलेला नाही, तेव्हा रद्द करायला काही नाही. कागद फाडा, पुन्हा ठरवा, आणि या खेपेला तोंडानं. सहापर्यंत मुदत. तोवर एकमत झालं नाही तर ज्यूरी घरी जाईल आणि खटला नव्यानं उभा राहील. केव्हा, ते देवाला ठाऊक.

खोलीत परत आल्यावर हॉइटनं हाताची घडी घातली. आता भागाकार नव्हता, तेव्हा त्याचं शून्य म्हणजे शून्यच. ट्वायला दोन कोटींवर परत गेली. साडेतीन वाजले होते, आर्डिथचा उपास सुटला होता, आणि केक संपला होता. उरल्या होत्या त्या शेंगा. ती हॉइटशेजारची खुर्ची ओढून शेंगा सोलायला बसली.

हॉइट कुणाला उद्देशून नव्हे, असा बोलत होता. हल्ली लोकांना आपलं सांभाळायला नको, दुसऱ्याच्या खिशात हात घालायला हवा, असा त्याचा सूर होता. उदाहरण म्हणून त्यानं शेजारच्या पर्विसला काढलं. पर्विसचा बैल मोडकं कुंपण ओलांडून हॉइटच्या मक्यात शिरे. ट्वायला काहीतरी बोलायला गेली, तेव्हा आर्डिथनं सोललेल्या शेंगांची वाटी तिच्यापुढे सरकवली.

“मग पर्विस काय करायचे?” तिनं हॉइटला विचारलं.

“करायचा काय. वीस डॉलर पाठवायचा. दर वेळी, हसत हसत. वर विचारायचा, यंदा मका गोड आहे का.”

“कुंपण नीट करायचं सोडून?”

“कुंपणाला नव्वद लागणार होते. वीसमध्ये भागतंय तर कशाला घालतोय तो नव्वद.”

“मग थांबलं कसं?”

“चौथ्या खेपेला मी बैल आपल्या गोठ्यात बांधला आणि निरोप धाडला, शंभर आण आणि घेऊन जा. तीन दिवस बोंब मारली त्यानं. मला लुटारू म्हणाला, चर्चच्या पायऱ्यांवर. पण शंभर दिले, आणि गुरुवारी कुंपण उभं.”

“शंभरच का, मिस्टर हॉइट?”

“कुंपण नव्वदचं होतं म्हणून,” हॉइट म्हणाला, आणि त्याची शेंग तोंडाशीच थांबली.

टेबलावर त्या कंपनीच्या कागदाची प्रत पडली होती, दुपारपासून तिच्यावर केकचं ताट होतं. हॉइटनं ताट उचललं, कागद वाचला, चौऱ्याऐंशी लाखांवर बोट ठेवलं, मग एकतीसवर. मग टोपीतून निघालेला तेवीसचा आकडा आठवून तो स्वतःशीच पुटपुटला, की तो तर एकतीसच्याही आतला होता. तो चेक त्यांनी हसत हसत फाडून दिला असता, आणि वर विचारलं असतं, मका कसा आहे.

“बाई,” तो शेवटी म्हणाला, “तुम्ही मला शिकारी कुत्र्यासारखं वासावर सोडलंत.”

आर्डिथ म्हणाली, आपण फक्त बैलाची चौकशी केली. हे बरंचसं खरं होतं. जेवढं नव्हतं, तेवढ्यापुरतं रात्रीच्या प्रार्थनेत बोलायचं तिनं ठरवलं.

पुढचं हॉइटनंच हातात घेतलं. चौऱ्याऐंशीला बरोबरी होते, बरोबरीला ते पुन्हा हिशेब मांडत बसतील. आकडा वरच हवा. नव्वद लाख. ट्वायलानं दोन कोटी सोडायला पाव तास घेतला, पण कुंपण दोन कोटींचं नव्हतं, हे तिलाही नाकारता येईना. मग एकेकानं आपल्या तोंडानं हो म्हटलं. “मिस आर्डिथ म्हणतील ते” लिहिणाराही स्वतःचं हो म्हणाला आणि लाजून लाल झाला. अकरा झाले. हॉइट राहिला.

“माझं एक आहे,” तो म्हणाला. “कंपनी अपिलात जाणार. वरचं कोर्ट आकडा छाटणार. खुंटी बसेपर्यंत वर्ष जाईल, दोन जातील. या काउंटीत अकरा वॉर्बलर मला ठाऊक आहेत. त्या आज संध्याकाळीही कुणाच्या ना कुणाच्या अंगणात पार्कवर उभ्या असतील. त्यांना कोण सांगणार?”

पेपरात येईल, असं ट्वायला म्हणाली. हॉइट म्हणाला, त्यातली निम्मी माणसं पेपरात मासे गुंडाळतात. आपण स्वतः गेलो असतो, पण आपण दारात उभे राहिलो की लोकांना वाटतं कुत्रा खपवायला आला. त्यानं नावं सांगितली. दोघं मुख्य रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चचे होते, ज्यांच्याशी मेथडिस्टांचं जेवणावळीच्या तारखेवरून तीन वर्षं बोलणं बंद होतं. एक पर्विस स्वतः होता.

सगळे खाली पाहू लागले. आर्डिथ जन्मात कुणाच्या दारी रिकाम्या हातानं गेली नव्हती, आणि कुणाच्या वस्तूला नावं ठेवायला तर नाहीच. चर्चमध्ये खारट झालेलं सूपही ती वाटीभर जास्त घेत असे. अकरा घरं, अकरा अंगणं, आणि प्रत्येक ठिकाणी तुमची गाडी वाईट आहे म्हणून सांगायचं.

“मी जाईन,” ती म्हणाली. “अकराच्या अकरा घरी. एक दिवसही घालवणार नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

“मग नव्वद,” हॉइट म्हणाला.

सहाला दहा मिनिटं कमी असताना सगळे कोर्टात उभे राहिले. आर्डिथनं आकडा वाचला. न्यायाधीश म्हणाले, ऐकू आलं नाही, जरा मोठ्यानं. तिनं पुन्हा वाचला. कोर्टाच्या लेखनिक बाईनं हात वर करून सांगितलं, की नोंद करता आली नाही. तिनं तिसऱ्यांदा वाचला. त्यामुळे मिस्टर डेसना नव्वद लाख तीन वेळा ऐकावे लागले, आणि दर खेपेला त्यांचा चेहरा असा झाला जणू आणखी नव्वद वाढले. मिस कॉरीनची बोटं झग्यावर थांबली. तिनं ज्यूरीकडे पाहिलं, आर्डिथकडे नव्हे, सगळ्यांकडे, एकेक करून.

नंतर मर्लनं सांगितलं ते असं. मिस्टर डेस बाहेरच्या फोनवर कंपनीशी बोलत होते आणि मर्ल शेजारी उभा राहून, गेली चार वर्षं पाठ असलेला सूचनाफलक वाचत होता. आधी अपील, अन्याय, खेडवळ माणसं, असं खूप झालं. मग पलीकडून कुणीतरी बराच वेळ बोललं. मग मिस्टर डेसनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, “त्या खुंटीला नक्की किती खर्च येतो म्हणालात? सगळ्या गाड्यांना?” रात्रीच्या जेवणापर्यंत हे गावभर झालं होतं.

न्यायाधीशांनी ज्यूरीला मोकळं करताना सांगितलं होतं, की आता कुणाशीही, काहीही बोलायला हरकत नाही. आर्डिथनं त्याची खात्री दोनदा करून घेतली होती.

शनिवारी उजाडताना तिनं रोजचं स्तोत्र वाचलं, चहा घेतला आणि दार उघडलं, तर पायरीवर एक पोतं होतं. आत चाकाखाली सरकवायच्या लाकडी पाचरी, अकरा, नीट तासलेल्या, प्रत्येकीला ओढून काढायला दोरी बांधलेली. वर कागदावर अकरा नावं आणि पत्ते. कुत्र्याच्या पंजांचे ठसे पायऱ्यांवरून खाली गेले होते. हॉइट आला होता आणि न थांबता गेला होता.

तिनं पोतं उचलून गाडीत ठेवलं. रिकामे हात नव्हते, एवढं तरी झालं. काय बोलायचं ते ती रात्रभर जुळवत होती आणि अजून पहिल्या वाक्याच्या पुढे गेली नव्हती: शुभ सकाळ, मी आर्डिथ मॅकस्वेन, तुमच्या गाडीबद्दल दोन शब्द. यादीतलं पहिलं नाव बाप्टिस्ट चर्चचे कारभारी, डीकन टीग यांचं होतं. तिनं आपल्या डोक्यावरची टोपी सारखी केली, ओठ हलवून काहीतरी म्हटलं आणि शेजाऱ्यांची कुत्रीही भुंकणार नाहीत अशा बेतानं गाडी रस्त्यावर काढली.